शिवणाच्या तासाला ठसे

३ सप्टेंबर

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखलं असशील. तरी उघडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले.

वर मायना नाही, तो विसरले म्हणून नव्हे. हाताला ‘चि. सौ.’ लिहायची सवय. त्यातलं ‘सौ.’ माझ्या मुलाने घालवलं, आणि ‘चि.’ म्हणायचा हक्क मी स्वतः घालवला. तेव्हा जागा कोरीच सोडली आहे.

चार वर्षांत एक ओळ नाही आणि आता काम पडल्यावर आठवण, असं म्हणशील. म्हण. खरंच आहे ते.

शाळेतला माझा शिवणाचा तास बंद झाला. मुख्याध्यापिकांनी, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, मला खोलीत बोलावलं. “आता शिवण कोण शिकतंय, बाई? पालकांना काहीतरी नवं हवंय. सहावी-सातवीसाठी फॉरेन्सिक सायन्सचा उपक्रम घ्यायचा आहे. मुलांनी हाताने करून शिकायचं. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, सर दहावीत अडकलेले. तुम्ही मोकळ्या आहात.”

मी म्हटलं, “अहो, मला ते नाव धड उच्चारता येत नाही.”

“तुमची सून त्याच खात्यात आहे ना? तिला विचारा की.”

त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. “विचारते,” म्हणाले आणि बाहेर आले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. हा तास चालला नाही तर मला शाळेत बसवून ठेवायला दुसरं कारण उरत नाही.

तर विचारते. रक्त, मुडदे वगैरे काही न आणता अकरा-बारा वर्षांच्या मुलांना यातलं काय शिकवता येईल? सामान साधं सांग. शाळेचं मायक्रोस्कोप एक, त्याची काच तडकलेली. माझ्याकडे भिंगं दोन, टाचण्या हव्या तेवढ्या.

मी ठीक आहे. तू उत्तर नाही दिलंस तरी समजून घेईन. दिलंस तर जास्त चांगलं समजेन.

१९ सप्टेंबर

तुझा कागद मिळाला. टाइप केलेला, ना शेंडा ना बुडखा, पाच प्रयोग आणि प्रत्येकाखाली सामानाची यादी. खाली फक्त एक वाक्य: “मुलांना पहिल्या दिवशी सांगावे की पुरावा म्हणजे काय दिसले ते, काय वाटले ते नव्हे.” मी तीनदा वाचलं आणि कागद शिवणाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पहिला तास बोटांच्या ठशांचा घेतला. पेन्सिलीचं शिसं सँडपेपरवर घासून भुकटी केली. तोंडाच्या रंगरंगोटीचा मऊ ब्रश दुकानातून आणताना दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की या वयात बाईंना काय सुचलंय! मुलांनी काचेचे पेले धरले, भुकटी फिरवली, चिकटपट्टीने ठसा उचलून पांढऱ्या कागदावर लावला. पहिला ठसा उमटला तेव्हा सव्वीस मुलं एकदम गप्प झाली. तीस वर्षांच्या नोकरीत एवढी शांतता मी सुई हरवल्यावरसुद्धा अनुभवली नव्हती.

मग काय, सगळ्यांची नाकं काळी. सातवीत एक मुलगी आहे, तिला सगळी शाळा तुफान म्हणते. तिने दोन्ही पंजे भुकटीत बुडवून मोठ्या बाईंच्या दारावर उमटवले आणि खाली लिहिलं, “तपास करा.” तपासाला अडीच मिनिटं लागली, कारण पंजे अजून काळेच होते.

शेवटी मुलांनी माझे ठसे घेतले. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचा काही केल्या उमटेना. नुसते ठिपके आणि चरे. “बाई, तुमचं हे बोट वाचताच येत नाही!” मी म्हटलं, सुईने टोचून टोचून झालंय ते. तुफान म्हणाली, “म्हणजे तुम्ही चोरी केलीत तर सापडणारच नाही.”

हसले मी. वर्गात हसले.

९ ऑक्टोबर

काळ्या शाईचा प्रयोग झाला. टिपकागदाच्या पट्ट्यांवर तीन वेगवेगळ्या काळ्या पेनांचे ठिपके दिले, पट्ट्या पाण्यात टेकवल्या, आणि पाणी चढता चढता एका काळ्यातून जांभळा निघाला, एकातून निळा आणि तपकिरी, तिसरा काळाचा काळाच राहिला. धमकीची चिठ्ठी कोणत्या पेनाने लिहिली ते मुलांनी बरोबर ओळखलं. चिठ्ठी मीच लिहिली होती: “गृहपाठ द्या, नाहीतर बघून घेईन.”

पण खरी मजा धाग्यांच्या तासाला आली. तुझ्या यादीत ते चौथं होतं आणि पुढे कंसात “तुम्हाला जमेल” असं लिहिलेलं. ते दोन शब्द मी जरा जास्तच वेळ बघत बसले.

जमलं. चिमट्यात धागा धरून मी एकेक पेटवला, मुलांनी नुसता वास घ्यायचा आणि राख बघायची. सूत जळलं की कागदाचा वास. लोकर जळली की केस जळल्यासारखी घाण. नायलॉन तर जळतच नाही धड, वितळून त्याचा कडक मणी होतो. मग भिंगाखाली पीळ दाखवला, डावा-उजवा. फाटलेली कड आणि कापलेली कड यांतला फरक दाखवला. कापडवाल्यांची लबाडी पकडायला मी हे सगळं पंचवीस वर्षं करते आहे. त्याला मी शिवण म्हणत होते, तुम्ही लोक त्याला विज्ञान म्हणता, एवढंच.

तेव्हा आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तू एकदा कामावरून धावत स्वयंपाकघरात आली होतीस. एका गाडीच्या दारात अडकलेल्या धाग्यावरून काहीतरी उलगडलं होतं, ते सांगायला. मी म्हटलं होतं, “जेवायच्या वेळी हे विषय नकोत.” तू ताट घेऊन गप्प बसलीस. त्यानंतर घरात कधी तो विषय काढला नाहीस. तो धागा लोकरीचा होता की सुताचा? आता विचारायला उशीर झालाय, पण खरंच जाणून घ्यायचंय.

माझा मुलगा बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी. बाकी जुन्या गोष्टींबद्दल मी काही लिहिणार नाही. झालं ते झालं.

६ नोव्हेंबर

सुताचा होता, तर! आणि रंग गेलेला. कळवलंस, बरं वाटलं.

आमच्याकडे खराखुरा गुन्हा घडला आहे. सातवीच्या मुलांनी शाळेच्या प्रदर्शनातल्या बाहुल्यांच्या खेळासाठी समुद्राचा मोठा पडदा शिवला होता. दोन महिने लागले. अडतीस मासे, प्रत्येक वेगळ्या चिंधीचा. सोमवारी सकाळी खोली उघडली तर पडदा वरच्या उजव्या कोपऱ्यापासून हातभर फाटून लोंबतोय.

मुलांना रडू यायला हवं होतं. एक-दोघांना आलंही. बाकीच्यांचे डोळे चमकले. “बाई, कुणी हात लावू नका! दोरी बांधा!” पडद्याखालच्या बाकावर खडूच्या धुळीत बुटाचा ठसा होता. मुलांनी मोजला, उतरवून घेतला, आणि दुपारपर्यंत निकालही लावून टाकला: तुफान. तिचा बूट जुळतो. अगं, जुळणारच! सगळी शाळा एकाच दुकानातून बूट घेते, आणि त्या मापाची नऊ मुलं वर्गात आहेत. मी हे सांगितलं. पण एकदा नाव घेतलं गेलं की ते चिकटतं. “तीच असणार, बाई. तिने दारावर पंजे नव्हते का मारले?”

मोठ्या बाईंच्या कानावर गेलं. त्यांनी तुफानला प्रदर्शनातून काढलं. मी मध्ये पडले, तर म्हणाल्या, “तुम्हीच ना त्यांना तपास शिकवलात?”

ती पोर एरवी एका वाक्याला दहा वाक्यं ऐकवते. या वेळी एकदाच म्हणाली, “मी नाही केलं.” मग तोंड उघडलं नाही. मला तेच भीतीदायक वाटलं.

आणखी एक. सगळे बाकाभोवती गोळा झाले होते तेव्हा पडद्याच्या मागच्या खिडकीजवळ एक मुलगी एकटी उभी होती. तिला मुलं घुमी म्हणतात, कारण ती बोलत नाही. खिडकीच्या खिळ्यावरून तिने काहीतरी काढलं आणि खिशात घातलं. मी पाहिलं.

पाहिलं आणि गप्प राहिले. आज तिसरा दिवस.

१३ नोव्हेंबर

आधी शाळेचं सांगते. त्याशिवाय पुढचं लिहायचा धीर होणार नाही.

परवा मी वर्गात फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे ‘दिसलं’, दुसरीकडे ‘वाटलं’. मुलांना म्हटलं, तुफानविरुद्ध जे जे आहे ते योग्य जागी लिहा. ‘दिसलं’मध्ये एक बूट आला. ‘वाटलं’ची बाजू खालपर्यंत भरली. तुफान खिडकीबाहेर बघत होती. घुमीकडे मी मुद्दाम पाहिलं नाही.

काल शाळा भरायच्या आधी घुमी माझ्या खोलीच्या दारात उभी. हातात कागदाची पुडी, मी शिकवली तशीच घडी घातलेली. वर नीट अक्षरात लिहिलेलं: काय सापडलं, लाल लोकरीचा धागा. कुठे, मागच्या खिडकीचा खिळा. कुणाला, खाली तिचं नाव. तारीख सोमवारची. आणि तळाशी तिने स्वतःच एक रकाना वाढवला होता: “उशीर का: ती माझी एकटीच मैत्रीण आहे.”

तिची मैत्रीण म्हणजे वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी, लंबू. तिचं स्वेटर लाल. शनिवारी वारा सुटला होता, पडदा फडफडत होता, म्हणून ही बाकावर चढली खिडकी लावायला. बाही खिळ्यात अडकली, पाय घसरला आणि आधाराला तिने पडदाच धरला. पडदा वाचवायला गेली आणि फाडून बसली. घाबरून पळाली. बस, एवढंच.

लंबूने सगळ्यांसमोर सांगितलं. रडत सांगितलं, पण सांगितलं. तुफानने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला आधी सांगायचंस ना. मी म्हटलं असतं मीच फाडला. मला तसंही रोज ओरडतातच.” हे ऐकून मोठ्या बाई चष्मा पुसत बसल्या. “चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती,” म्हणाल्या. तुफान म्हणाली, “चोर कुठे होता, बाई?” पोरीचं बरोबर होतं. मग मोठ्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. वर्गानेही मागितली. दुपारी तिघी मिळून पडदा शिवायला बसल्या. तुफानचे टाके भयंकर आहेत, पण मी उसवणार नाही.

मी घुमीला विचारलं, “आता कसं वाटतंय?”

ती म्हणाली, “पोट दुखायचं थांबलं.”

माझं चार वर्षं दुखतंय. म्हणून लिहिते.

तू घर सोडलंस त्याच्या तीन आठवडे आधी मी त्याचे शर्ट इस्त्रीला घेतले होते. निळ्या शर्टाचं वरून तिसरं बटण कुणीतरी नव्याने लावलेलं. टाका बघितला की बटण कुणी लावलं ते मला कळतं. मी दोन समांतर टाके घालते. तू फुली घालतेस, त्यावरून मीच तुला किती टोकलंय. हे बटण चौकोनात शिवलेलं होतं आणि खाली दोऱ्याचे चार वेढे देऊन नीट मान केलेली. शिंपी एवढा वेळ देत नाही. सावकाश, मायेने केलेलं काम होतं, आणि ते आपल्या घरातल्या कुणाचं नव्हतं.

मी काय केलं सांगू? कात्रीने तो दोरा कापला. बटण माझ्या टाक्याने परत लावलं. शर्ट घडी करून कपाटात ठेवला.

मग त्या रविवारी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “याचं बाहेर कुणाशीतरी आहे.” माझी नणंद होती, तिचे यजमान होते, वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई होत्या. आणि मी म्हणाले, “दिवसभर गुन्हेगारांच्या चिंध्या चाळतेस, म्हणून तुला घरातही गुन्हेगार दिसतात. पुरावा आहे का तुझ्याकडे?”

तू म्हणालीस, “नाही.”

नव्हताच. तो मी कापून केराच्या डब्यात टाकला होता.

तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांत तू ‘ती संशयी सून’ झालीस. नंतर त्याने त्याच बाईशी लग्न केलं, तरी लोक म्हणतात, हिच्या संशयामुळेच तो तिकडे वळला. मी ऐकते आणि गप्प बसते. आपलं ठेवायचं झाकून, म्हणतात ना, ते मी अक्षरशः सुईदोऱ्याने केलं.

मुलगा माझा आहे. त्याच्यावरची माया काही कमी झाली नाही, होणारही नाही. पण खोटं माझं होतं, त्याचं नव्हे. उत्तर देऊ नकोस हवं तर.

२० डिसेंबर

तुझं पत्र दोन आठवड्यांनी आलं. या वेळी हाताने लिहिलेलं. दोनच वाक्यं: “मला सांगितलंत, ठीक. आता ज्यांच्यासमोर मला म्हणालात त्यांना सांगा.”

पहिल्यांदा मी रागावले. खोटं कशाला बोलू? म्हटलं, या वयात आता दारोदार फिरू का? दोन दिवस कपाटं आवरली. मग गेले.

शेजारीणबाईंपासून सुरुवात केली, कारण तिथे फक्त एक जिना. त्या ऐकून म्हणाल्या, “मला तेव्हाच वाटलं होतं हो.” त्यांना सगळंच तेव्हाच वाटलेलं असतं. नणंदेकडे जायला दोन बस बदलाव्या लागल्या. तिने आधी मला चहा दिला, मग सुनावलं. “वहिनी, चार वर्षं तुम्ही आम्हाला त्या पोरीबद्दल वाट्टेल ते बोलू दिलंत!” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “आणि तुम्ही बसून ऐकत होतात!” मी म्हटलं, हो. तिचे यजमान एरवी पेपरातून मान वर काढत नाहीत. त्यांनी पेपर घडी करून खाली ठेवला आणि म्हणाले, “मी मुलीला एक पत्र लिहितो.” लिहिलं असेल. त्यांचं अक्षर लागत नाही, पण प्रयत्न कर.

चौथा माझा मुलगा. त्याला फोनवर सांगितलं. त्याने पलीकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “आई, आता कशाला?” मी म्हटलं, “तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.” पंधरा दिवस त्याने फोन केला नाही. काल केला, आणि गॅसच्या शेगडीबद्दल बोलला. मला पुरे झालं.

प्रदर्शन छान झालं. पालक स्वतःचे ठसे घ्यायला रांगेत उभे होते. मोठ्या बाई म्हणतात, पुढच्या वर्षी पाचवीलाही सुरू करू.

मुलं विचारतायत, खऱ्या लॅबमधल्या बाई कधी येणार? मी म्हटलं, त्यांना फार काम असतं. एवढंच लिहिते.

२ फेब्रुवारी

सुखरूप पोचल्याचं कळलं. शाळेत तास घेऊन तू गेल्यावर इथे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

तू मुलांना प्लास्टर कालवून दिलंस त्यातले सगळे ठसे घट्ट बसले, फक्त एक सोडून. तो तुफानने ट्रेमधून आधीच काढला होता. आता तिच्याकडे अर्ध्या बुटाचा ठसा आहे आणि ती म्हणते, चोर लंगडा होता. घुमीने तुला विचारलं होतं ना, “आपल्या माणसाविरुद्ध पुरावा मिळाला तर काय करायचं?” आणि तू म्हणालीस, “आधी पुडीत घालायचा. मग रडायचं.” ते तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आणि लंबूने विचारलं होतं, “बाई, या तुमच्या कोण?” मी टेबलावरच्या टाचण्या गोळा केल्या. शेवटी म्हणाले, “माझी सून होती.” तुफान लगेच: “होती म्हणजे?” तू भिंगातून मानही वर न काढता म्हणालीस, “कागदोपत्री होती. बाकीचा तपास चालू आहे.” मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला नंतर एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी फक्त माझ्या खोलीत नवं मायक्रोस्कोप ठेवून गेल्या.

शाळेतून घरी येताना रस्त्यात तू जे बोललीस ते मात्र मनातून जात नाही. की वर्षभर तुझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. प्रत्येक अहवालावर सही करण्याआधी तीनतीनदा तपासायचीस. वाटायचं, आपल्याला नसलेलंच दिसतं की काय. मी तुझं घर मोडायला हातभार लावला हे मला माहीत होतं. तुझे डोळे काढून घेतले होते हे माहीत नव्हतं. यावर माफी मागायला माझ्याजवळ मोठा शब्द नाही. तू म्हणालीस, “आता एकदाच तपासते.” तेवढ्यावर मी जगते आहे.

आता शेवटचं. जेवण झाल्यावर तू म्हणालीस, पाच मिनिटं पाठ टेकते, साडेतीनची गाडी आहे. आणि कोचावर आडवी झालीस ती गाढ झोपलीस. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबलेला. तीनला मी तुझ्याजवळ आले, उठवायला. सव्वातीनला पुन्हा आले. मग पडदा ओढला, दाराच्या बेलचं बटण बंद केलं, शेजारीणबाई येताना दिसल्या तर जिन्यातूनच हाताने परत पाठवलं. साडेपाचला तू दचकून उठलीस आणि विचारलंस, “मला हाक का नाही मारलीत?” मी म्हटलं, “अगं, माझाही डोळा लागला.”

लागला नव्हता. मी समोरच्या खुर्चीत बसून होते. पुढची गाडी साडेसहाची आहे हे मला ठाऊक होतं.